‘झेवियर’ : विशेषनामाचे मूळ आणि त्याचा धनी

१

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव मराठीच्या अभ्यासकांस तेथे सापडलेल्या शके ९८२ (इ. स. १०६०) च्या ताम्रपटामुळे परिचित आहे. मराठीच्या आद्य कोरीव लेखांची चर्चा या ताम्रपटाच्या उल्लेखावाचून पुरी होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तो ताम्रपट नव्हे. त्या गावाचे नाव ज्या प्रश्नाची आठवण करून देते, तो प्रश्न होय. ‘आगर’ म्हणजे किनाऱ्यालगतची नारळी-पोफळीची लागवड, हे कोकणात कोणास सांगावे लागत नाही. ‘दिवे’ या पदाचा संबंध दीपाशी लावण्यात येतो. तथापि दिवेआगरास जाण्यासाठी तिकीट मागणारा प्रवासी पोफळीचाही विचार करीत नाही आणि दीपाचाही करीत नाही. दोन सार्थ शब्दांचा समास वापराने झिजतो आणि त्याचे विशेषनाम होते. त्यातला अर्थ मरत नाही, पण निजलेला असतो. पुढे ‘दिवे’ या ग्रामनामास ‘कर’ हा प्रत्यय लागून ‘दिवेकर’ हे आडनाव बनते, आणि ते धारण करणारे कुटुंब गाव सोडून कोठेही गेले तरी गावाचा एवढा अवशेष त्याच्याबरोबर जातो.

हे आडनाव एकाच समाजाचे नाही. या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदलेल्या बेने इस्राएल ज्यूंमध्येही किहीमवरून केहीमकर, रोह्यावरून रोहेकर, पेणवरून पेणकर आणि त्याच रीतीने दिवेकर अशी आडनावे आहेत. मुंबईतील बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली ज्यांनी बांधविले, ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकर मराठीत ‘सामाजी हसाजी दिवेकर’ या नावाने ओळखले जात. हिब्रू बायबलातील दोन संदेष्ट्यांची नावे कोकणाच्या तोंडी रुळली, त्यांना ‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय लागला आणि शेवटी गावाचे नाव जोडले गेले. एका माणसाच्या नावात अशा दोन भाषा सुखाने नांदल्या. यातील ‘सामाजी’ हे रूप अशुद्ध आणि ‘शमुएल’ हे शुद्ध, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु मराठीत परकीय विशेषनामे कशी लिहावीत यासंबंधी आपल्या लेखनात जो गोंधळ दिसतो, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. त्याचा विचार येथे एका स्पॅनिश संताच्या नावाच्या आधारे करावयाचा आहे. ते नाव ‘झेवियर’. इंग्रजीने ते विशेषनाम म्हणून कसे वापरले, इंग्रजीकडून मराठीने ते कसे घेतले, आणि त्याच वेळी याच पश्चिम किनाऱ्यावर ते दुसऱ्या वाटेने आधीच येऊन कसे राहिले होते, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होईल.

या बाबतीत दोन मते सामान्यतः ऐकू येतात. पहिले मत असे की, विशेषनामाला अर्थ नसतो, ते केवळ खूण असते. म्हणून जे रूप प्रचलित, म्हणजे बहुधा इंग्रजीतून आलेले, तेच चालू ठेवावे. दुसरे मत असे की, प्रत्येक नाव ते मूळच्या ज्या भाषेतील असेल त्या भाषेच्या उच्चाराप्रमाणेच लिहिले पाहिजे; इंग्रजीची मध्यस्थी ही पारतंत्र्याची खूण आहे. पहिले मत सोयीचे आहे, दुसरे स्वाभिमानाचे आहे. दोन्ही अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

प्रथम नावाचे मूळ पाहू. हा संत ७ एप्रिल १५०६ रोजी नवारा राज्यातील एका गढीवजा वाड्यात जन्मला. वडिलांचे घराणे हासो, आईचे आस्पिलकुएता. ज्या वाड्यामुळे त्याला त्याचे नाव मिळाले तो वाडा आईच्या वारशाने आलेला होता. म्हणजे जगभर ज्या नावाने हा पुरुष ओळखला जातो ते त्याचे पाळण्यातले नाव नव्हे आणि पित्याचे कुलनामही नव्हे. ते एका स्थळाचे नाव आहे. पाळण्यातले नाव ‘फ्रान्सिस्को’.

त्या स्थळनामाची व्युत्पत्ती बास्क भाषेत आहे. बास्कमध्ये ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. ‘एचेबेरी’ म्हणजे नवे घर. या जोडशब्दाचे शेजारच्या भाषांच्या तोंडी जे संक्षिप्त रूप झाले, त्यातून हे नाव निघाले, असे अभ्यासक मानतात. मराठी वाचकाला येथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही. ‘नवघर’ हे ग्रामनाम आपल्या उत्तर कोकणात आहे आणि ‘नवघरे’ हे आडनावही आपल्यात आहे. अर्थाच्या अंगाने पाहता तो संत ‘फ्रान्सिस नवघरे’ ठरतो. योगायोग असा की, वसईजवळचे नवघर ज्या भागात आहे तेथे ख्रिस्ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि त्या वसईस हा संत स्वतः येऊन गेलेला होता. याच संताचे गुरुबंधू व येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस यांचे ‘लॉयोला’ हे नावदेखील बास्क स्थळनामच आहे. त्यात ‘लोई’ म्हणजे चिखल, आणि पुढचा प्रत्यय स्थानवाचक. आपल्या भाषेत त्याचे भाषांतर ‘चिखली’ असे होईल. जगातील शेकडो विद्यालयांवर मिरविणारी ही दोन भारदस्त नावे मुळात नवघर आणि चिखली यांच्याच जातीची आहेत.

या नव्या घराची पुढील हकीकतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १५१२ साली कॅस्टिलच्या सैन्याने नवारा जिंकले, आणि १५१६ साली कार्डिनल सिस्नेरोस यांच्या आज्ञेने या वाड्याची तटबंदी व बुरूज पाडण्यात आले. तेव्हा फ्रान्सिस्को दहा वर्षांचा होता. म्हणजे ज्याला आपण बिनदिक्कत ‘स्पॅनिश संत’ म्हणतो, त्याच्या घरावर पहिला घाव स्पॅनिश सत्तेनेच घातला होता. आपली मातृभाषा बास्क असल्याचा उल्लेख त्याने १५४४ च्या एका पत्रात केला आहे. पुढे तो पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने ६ मे १५४२ रोजी गोव्यास आला आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मरण पावला. जन्माने नवारी, भाषेने बास्क, राज्यसत्तेच्या दृष्टीने पोर्तुगालचा पाठविलेला, आणि कीर्तीने सर्व जगाचा. अशा माणसाच्या नावाची ‘मूळ भाषा’ कोणती, हा प्रश्न दुसऱ्या मताच्या पुरस्कर्त्यांनी प्रथम सोडविला पाहिजे.

३

तो प्रश्न अधिकच बिकट होतो तो एका अक्षरामुळे. रोमन लिपीत हे नाव ‘एक्स’ या अक्षराने सुरू होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पेनच्या कॅस्टिलियन भाषेत या अक्षराचा उच्चार ‘श’ असा होता. बास्कमध्ये आजही तो ‘श’ आहे, पोर्तुगीजमध्येही शब्दारंभी ‘श’च आहे. कॅस्टिलियनमध्ये मात्र सोळाव्या-सतराव्या शतकांत हा ‘श’ मागे सरकत सरकत कंठातील ‘ख’-‘ह’ सारखा झाला, आणि १८१५ साली स्पॅनिश अकादमीने हा ध्वनी दाखविण्यासाठी ‘एक्स’ऐवजी ‘जे’ हे अक्षर ठरवून दिले. परिणामी आजच्या स्पेनमध्ये हे नाव ‘हाविएर’ असे उच्चारले जाते आणि ‘जे’ने लिहिले जाते. फ्रेंचांनी जुने अक्षर ठेवले, पण ते ‘ग्झाव्हिए’ असे वाचले. इंग्रजांनीही जुनेच अक्षर ठेवले. परंतु इंग्रजीत शब्दारंभीचा ‘एक्स’ हा बहुधा ग्रीक शब्दांत येतो आणि तेथे तो ‘झ’ असा वाचण्याची रीत आहे. त्या रीतीने हे नाव ‘झेवियर’ झाले. बास्क घराला ग्रीक दार बसले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगीजांच्या द्वारे तेथे हे नाव ‘श’कारासह आले. इतकेच नव्हे, तर रोमन लिपीत कोकणी लिहिण्याची जी परंपरा गोव्यात सोळाव्या शतकापासून रुजली, तिच्यात ‘एक्स’ हे अक्षर कोकणी ‘श’साठीच योजिले गेले. ‘शेत’ हा शब्द रोमन कोकणीत या अक्षरानेच सुरू होतो. म्हणून गोमंतकीय ख्रिस्ती माणसाला या नावाच्या आद्याक्षरात काहीच गूढ वाटत नाही. शेताचे जे अक्षर तेच संताचे. तो सहजपणे ‘शावियेर’ म्हणतो. भक्तीच्या भाषेत तर तो हे नावही घेत नाही, ‘गोंयचो सायब’ म्हणतो.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो आपल्या शिष्ट समजुतीस धक्का देणारा आहे. मुंबईच्या महाविद्यालयीन मराठीत ‘झेवियर’ हे सुसंस्कृत रूप आणि ‘शावियेर’ हे गोव्याचे बोलीतले, काहीसे गावंढळ रूप, असा भाव आढळतो. वस्तुतः त्या संताने आपल्या वाड्याचे नाव लहानपणी ज्या ध्वनीने ऐकले, त्याच्या सर्वांत जवळचे रूप गोव्याच्या एखाद्या म्हातारीच्या तोंडचे ‘शावियेर’ हेच आहे. लंडनचा ‘झेवियर’ त्यापासून दूर आहे. आणि ‘मूळ स्पॅनिश उच्चार’ म्हणून कोणी ‘हाविएर’ लिहू लागला तर तोही दूरच राहील, कारण तो उच्चार संताच्या मृत्यूनंतर स्थिर झालेला आहे. शुद्धतेचा शोध घेत जो माद्रिदला जाईल, त्याला ती मडगावास सोडून आल्याचे कळेल.

४

इंग्रजीने या नावाचे पुढे काय केले, ते आता पाहावयाचे. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी पाच जणांस एकाच समारंभात संतपद दिले : इग्नेशियस लॉयोला, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेसा, शेतकरी इसिद्रो आणि फिलिप नेरी. यांपैकी नेरी तेवढे इटलीचे. उरलेले चौघे स्पेनच्या राज्यातील. या चौघांचीही नावे इंग्रजी भाषेच्या व्यवहारात विशेषनामे म्हणून शिरली आहेत, पण प्रत्येकाची वाट निराळी आहे. इसिद्रोचे नाव कॅलिफोर्नियाच्या सीमेवर ‘सॅन इसिद्रो’ या वस्तीस मिळाले. लॉयोला विद्यापीठांच्या व शाळांच्या पाट्यांवर गेला. मद्रासचे लॉयोला महाविद्यालय १९२५ चे आहे. तेरेसाचे नाव तर एका अल्बेनियन जोगिणीमुळे कलकत्त्यास आले. मदर तेरेसांनी नाव घेतले ते लिझ्यूच्या फ्रेंच संत तेरेझचे. परंतु मठात त्या नावाची दुसरी जोगीण असल्यामुळे त्यांनी त्याचे स्पॅनिश रूप पत्करले. व्यक्ती फ्रेंच संताची भक्त, नाव स्पॅनिश, उच्चार इंग्रजी. आणि मराठीत आपण ‘तेरेसा’, ‘टेरेसा’, ‘थेरेसा’ ही तिन्ही रूपे आलटून पालटून छापतो.

यांतील स्थळनामांचा प्रकार विशेष उद्बोधक आहे. १६०२ साली सेबास्तिआन विस्काईनो या स्पॅनिश दर्यावर्द्याने कॅलिफोर्नियातील एका आखातास ‘सॅन दिएगो’ हे नाव दिले. १५८८ साली संतपद मिळालेले अल्कालाचे दिएगो हे ते संत. तेथे १७६९ साली पहिले मिशन उभे राहिले. त्या भूमीवर मूळचे कुमेयाय लोक राहत होते. त्यांना या नामकरणाबद्दल कोणी विचारले नव्हते. पुढे तो मुलूख अमेरिकेच्या हाती गेला, राज्यभाषा इंग्रजी झाली, तरी नाव राहिले. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, इंग्रजीने ‘सॅन’चे ‘सेंट’ केले नाही. इंग्रजीत संताला ‘सेंट’ म्हणतात हे ठाऊक असूनही ‘सॅन’ हा आदरवाचक शब्द नावाच्या अंगात जिरून गेला. ‘सॅन दिएगो’चा रहिवासी ‘सॅन दिएगन’ झाला; प्रत्यय लागला तो दोन्ही शब्द मिळून जे एक नाव झाले होते त्याला. सार्थ पदे निरर्थक झाल्यावरच समास विशेषनाम होतो, हे दिवेआगराच्या बाबतीत जे आपण पाहिले, ते येथेही तंतोतंत लागू पडते. आपल्या शेजारी याचे आणखी सुंदर उदाहरण आहे. २४ जूनला गोव्यात संत योहानाचा जो सण होतो, त्याचे पोर्तुगीज नाव ‘सांव’ आणि ‘जुआंव’ अशा दोन शब्दांचे. कोकणीत ते ‘सांजांव’ असे एकजीव झाले. पावसात विहिरीत उड्या घेणाऱ्या मुलांना त्यात संतपदवाचक शब्द कोणता, हे वेगळे काढून दाखवावे लागेल.

व्यक्तिनामाच्या बाबतीत इंग्रजीने उलट दिशेने वाटचाल केली. तिने आदरवाचक शब्द जिरवला नाही, गाळला. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे १८३१ साली निघालेले महाविद्यालय १८४० मध्ये येशूसंघीयांकडे आले तेव्हा ‘सेंट झेवियर’ झाले, आणि १९३० मध्ये नुसते ‘झेवियर विद्यापीठ’ राहिले. त्याच रीतीने ‘फ्रान्सिस झेवियर’ हे जोडनाव कॅथलिक कुटुंबांत मुलांना ठेवता ठेवता ‘झेवियर’ हा भाग सुटा झाला आणि स्वतंत्र व्यक्तिनाम बनला. १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या एका अमेरिकन चित्रकथामालेतील अतींद्रिय शक्तीच्या प्राध्यापकाचे आडनाव झेवियर आहे. त्याचा आणि नवाऱ्याच्या संताचा वाचकांच्या मनात काहीही संबंध उरलेला नाही. घराचे नाव वाड्याला, वाड्याचे कुलाला, कुलाचे संताला, संताचे विद्यालयाला, आणि अखेरीस कोणाही मुलाला, असा हा क्रम आहे. प्रत्येक पायरीवर थोडा अर्थ गळाला आहे आणि थोडा नवा चिकटला आहे. तेव्हा ‘विशेषनामाला अर्थ नसतो’ हे पहिले मत अर्धसत्य ठरते. त्याला कोशातला अर्थ नसेल, पण इतिहास असतो. आणि रूप बदलले की तो इतिहास झाकला जातो.

५

मराठीत हे नाव दोन वाटांनी आले. एक वाट समुद्राची, पोर्तुगीजांची. तिच्या खुणा गोव्यापुरत्या मर्यादित नाहीत. दिवेआगराच्या उत्तरेस, कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या कोर्लई गावात पोर्तुगीजोद्भव अशी एक स्वतंत्र बोली आजही ख्रिस्ती कुटुंबांत बोलली जाते. पोर्तुगीज सत्ता चौल सोडून १७४० साली गेली, तरी ती बोली मराठीच्या शेजारात टिकून राहिली, आणि क्लॅन्सी क्लेमेन्ट्स या अभ्यासकाने १९९६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या वाटेने आलेले शब्द मराठीने कानाने घेतले. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त प्रभूचे नाव ‘जेजू’ आहे, कारण ते पोर्तुगीजमधून आले. आजचे मराठी बायबल ‘येशू’ म्हणते. दोहोंपैकी एक खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. देवाणघेवाण दुतर्फा होती, हेही विसरता कामा नये : आमच्या श्रीवर्धनचे जुन्या युरोपीय प्रवाशांनी ‘झिफर्दन’ करून टाकले होते.

दुसरी वाट इंग्रजीची, म्हणजे शाळेची व कचेरीची. या वाटेवरचा सर्वांत ठळक टप्पा म्हणजे १८६९ साली मुंबईत स्थापन झालेले सेंट झेवियर्स महाविद्यालय. त्याच्या नावाने मराठीत तीन गोष्टी घडविल्या. त्या व्याकरणाच्या दृष्टीने नोंदण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट षष्ठीची. ‘झेवियर्स’ यातील ‘स’ हा इंग्रजी षष्ठीचा प्रत्यय आहे. त्याचा अर्थ ‘झेवियरचे’. मराठीने तो प्रत्यय म्हणून ओळखलाच नाही, नावाचा अंश म्हणून घेतला, आणि त्यावर आपला प्रत्यय चढविला. ‘झेवियर्सचा विद्यार्थी’ या प्रयोगात दोन षष्ठ्या एकावर एक बसल्या आहेत. ही चूक नव्हे. ज्या भाषेला प्रत्यय कळत नाही तिला तो शब्दाचाच भाग वाटतो, हा सार्वत्रिक नियम आहे. सॅन दिएगोच्या बाबतीत इंग्रजीने तेच केले.

दुसरी गोष्ट ध्वनीची. मराठीत ‘झ’चे दोन उच्चार आहेत : ‘माझा’ यातील दंततालव्य आणि ‘माझी’ यातील तालव्य. इकार-एकारांपूर्वी सामान्यतः तालव्य उच्चार येतो. म्हणून ‘झे’ यात इंग्रजी धर्तीचा दंत्य ध्वनी आणणे मराठी जिभेस स्वाभाविक नाही. ‘झेब्रा’प्रमाणेच ‘झेवियर’ हा पाहुणा ध्वनी घेऊन आला. ज्यांना इंग्रजीचा सराव नाही त्यांच्या तोंडी तो ‘जेवियर’ होतो, आणि मग शहरी मुले हसतात. हसण्याचे कारण नाही. बोलणारा आपल्या भाषेचा नियम पाळीत असतो. उलट ‘शावियेर’ यातील ‘श’ मराठीला मुळीच अवघड नाही. जवळचे रूप शेजारी असताना आपण दूरचे रूप, तेही आपल्या जिभेस न मानवणारे, मान्य केले. याचे कारण ध्वनीत नसून प्रतिष्ठेत आहे.

तिसरी गोष्ट अर्थाची. मराठी लेखनात व्यक्तीचा निर्देश करताना ‘संत फ्रान्सिस झेवियर’ आणि संस्थेचा निर्देश करताना ‘सेंट झेवियर्स’, असा भेद नकळत रूढ झाला आहे. तो चांगला आहे. व्यक्तीचे संतपद हा अर्थ आहे, त्याचे भाषांतर होऊ शकते; संस्थेचे ‘सेंट’ हे नावाचा भाग आहे, त्याचे भाषांतर होऊ नये. ‘संत झेवियर महाविद्यालय’ असे लिहिणारा अतिशुद्धीच्या आहारी जातो. येथे एक भ्रमही दूर केला पाहिजे. ‘संत’ आणि ‘सेंट’ हे शब्द एकाच मुळाचे, असे अनेकांस वाटते. तसे नाही. आपला ‘संत’ हा ‘असणे’ या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झालेल्या ‘सत्’ शब्दाशी निगडित आहे. ‘सेंट’ हा ‘पवित्र केलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. दोघे सारखे दिसतात, पण भाऊ नव्हेत. मुंबईच्या ‘सांताक्रूझ’ या नावातही संत नाही. ते ‘पवित्र क्रूस’ या अर्थाचे पोर्तुगीज नाव आहे. ‘सांता’ ऐकून संत शोधणे म्हणजे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीतल्या वाळ्यात सोने शोधण्यासारखेच.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रचलित इंग्रजी रूप आणि ‘मूळ’ रूप, या दोहोंपैकी एकही सरसकट प्रमाण मानता येत नाही, तर प्रमाण कशास मानावे? प्रस्तुत लेखकाचे उत्तर असे : नावाचे प्रमाण त्याच्या धन्याजवळ शोधावे. ज्याचे नाव आहे तो, किंवा ज्या समाजात ते नाव नांदते तो समाज, जे रूप आपले म्हणून वापरतो, ते त्या संदर्भात शुद्ध होय. भाषा ही सीमा ठरवीत नाही, अक्षरही ठरवीत नाही.

ही कसोटी लावून पाहू. एकच रोमन अक्षररचना असलेले ‘जोसेफ’ या अर्थाचे नाव कॅलिफोर्नियातील शहराच्या नावात ‘होजे’ असे उच्चारले जाते. म्हणून बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ चे अधिवेशन ज्या शहरात भरले त्याचे नाव मराठीत ‘सॅन होजे’ असे लिहिणे योग्य. तेथे राहणारी मराठी कुटुंबे तसेच म्हणतात. पण तेच अक्षर पाहून एखाद्या गोमंतकीयास ‘होजे’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो ‘जुझे’ किंवा ‘जोझे’ आहे. १४ जानेवारी २०१५ रोजी ज्यांना संतपद मिळाले, ते बाणावलीचे जुझे वाझ स्पॅनिश वळणाने ‘होजे’ होत नाहीत. दुसरे उदाहरण झेवियर्स महाविद्यालयातीलच घ्यावे. तेथे १९२६ साली भारतीय इतिहाससंशोधनाची संस्था स्थापणारे फादर हेरास हे जन्माने स्पेनचे. स्पॅनिश भाषेत त्यांचे नाव एन्रिके आणि आडनावाचा उच्चार ‘एरास’. तेथे ‘ह’ मूक आहे. परंतु त्यांनी स्वतः भारतात ‘हेन्री हेरास’ या नावाने ग्रंथ लिहिले. तेव्हा मराठीने ‘हेरास’ म्हणावे हेच न्याय्य. त्यांना ‘एरास’ करण्याचा हक्क कोणा ध्वनिशास्त्रज्ञास नाही.

याच न्यायाने मुंबईचे महाविद्यालय ‘झेवियर्स’च राहील, गेल्या दीडशे वर्षांतील त्याच्या विद्यार्थ्यांनी ते नाव आपले केले आहे. नवाऱ्यातील वाड्याविषयी आजच्या संदर्भात लिहिताना ‘हाविएर’ म्हणावे. गोव्यातील संतविषयक भक्तीबद्दल, तेथील ३ डिसेंबरच्या फेस्ताबद्दल, २०२४-२५ मध्ये जुन्या गोव्यात झालेल्या अवशेषदर्शनाबद्दल मराठीत लिहिताना ‘शावियेर’ हे रूप निदान एकदा तरी नोंदविणे, हे लेखकाचे कर्तव्य आहे. हे लिहिले जात नाही, ही आपल्या लेखनातील उणीव आहे. आणि ती केवळ शुद्धलेखनाची उणीव नाही. एखाद्या घरात आजीने ‘शावियेर’ म्हणून हाक मारलेला मुलगा शाळेच्या पटावर ‘झेवियर’ होतो, तेव्हा त्याला दोन नावे मिळतात. दोन्ही त्याची असू शकतात. सामाजी हसाजींचीही दोन होती. पण सामाजींची दोन्ही नावे त्यांच्याच समाजाने घडविली होती. येथे मात्र एक नाव घरातून आले आणि दुसरे एका कारकुनाच्या लेखणीतून उतरले, तेही ‘अधिक शुद्ध’ या दाव्यासह. तो दावाच, वर पाहिल्याप्रमाणे, इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

या कसोटीवर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक नावासाठी त्याच्या धन्याकडे जावयाचे, तर कोशकार व संपादक यांनी नियम कसा करावा? आक्षेप खरा आहे. नियम सोपा राहणार नाही. एकाच रोमन अक्षररचनेची दोन-तीन मराठी रूपे कोशात शेजारी शेजारी द्यावी लागतील आणि प्रत्येकापुढे ते कोठे चालते हे सांगावे लागेल. परंतु कोशाचे काम सोपे व्हावे म्हणून माणसांची नावे बदलावीत, हा उपाय रोगापेक्षा वाईट होय.

दिवेआगरच्या समुद्रावरून गलबते जात-येत असताना या किनाऱ्याने अनेक भाषांची नावे ऐकली. त्याने ती कोणत्याही अकादमीला न विचारता, आणणाऱ्याच्या तोंडून ऐकून घेतली, जमेल तशी उच्चारली आणि आदराचा एक ‘जी’ जोडून आपली केली. शमुएलचा सामाजी झाला तेव्हा सामाजीला त्यात अपमान वाटला नाही, कारण ते नाव तो स्वतः सांगत होता. परक्या नावाशी मराठीने वागावयाची ही जुनी रीत आहे, आणि ती आपण शास्त्राच्या नावाखाली सोडून देऊ नये. नव्या घराला कोणते नाव द्यावे हे त्या घरात राहणाराच ठरवितो. ‘एचेबेरी’चा एवढा अर्थ तरी जागा राहावा.